परभणी मुलखाचे युद्धकागद

एकोणिसाव्या शतकात परभणीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत या मुलखाच्या आसपास फौजांची ये-जा कधी थांबली नाही. 1803 मध्ये शिंदे-भोसल्यांच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा फिरल्या, 1818 मध्ये पेशवा दुसरा बाजीराव आणि त्याच्या पाठलागावरचे इंग्रज, आणि 1819 मध्ये पैनगंगेच्या बाजूच्या हटकर नाइकांवर चालून गेलेल्या पलटणी. फौज चालली की तिच्याबरोबर कागदही चालत. तळावरचा अधिकारी वरिष्ठांना पत्र लिही, पुढच्या गावच्या पाटलाला दाण्या-वैरणीची चिठ्ठी जाई, शरण आलेल्याला कौल (अभयपत्र) मिळे, मेलेल्या माणसांचा आणि बैलांचा हिशेब लागे. या कागदांवर सह्या, शिक्के आणि निशाण्या उमटल्या. पुढे त्यांतले काही विलायतेला गेले, काही हैदराबादच्या दप्तरखान्यात शिरले, थोडे छापले गेले आणि उरलेले देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत रुमालांत बांधून राहिले. परभणी म्हणताना येथे जुना जिल्हाच धरला पाहिजे, कारण हिंगोली 1 मे 1999 पर्यंत याच जिल्ह्यात होती आणि लष्करी कागदांचे मोठे उगमस्थान हिंगोलीची छावणीच होती.

कागद जमवणाऱ्याने आधी सही म्हणजे काय हे समजून घ्यावे लागते, कारण या काळात एकाच रणभूमीवर तीन वेगळ्या रीती नांदत होत्या. मराठी पत्र कारकून लिहीत असे. मोडी अक्षर त्याचे, मजकूर सरदाराचा. पत्राखाली सरदाराची आजच्यासारखी सही बहुधा नसे. पत्र खरे की बनावट हे शिक्क्यावरून आणि मोर्तबावरून ठरे. मोठा शिक्का वरच्या बाजूला आणि मजकूर संपतो तिथे लहान मोर्तब, म्हणजे खाली कोणी एखादी ओळ घुसडू नये. कधी सरदार शेवटची ओळ स्वतःच्या हाताने लिही, आणि असे पत्र मिळाले तर त्याचे मोल निराळेच. पत्र पोचल्यावर घेणाऱ्याचा कारकून त्यावर पैवस्तीची तारीख घाली, तिच्यावरून पत्र किती दिवस वाटेत होते तेही कळते. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी. पाटील-कुणब्याची निशाणी नांगराची असे आणि तलवार बांधणाऱ्या घराण्याची कट्यारीची.

निजामशाहीतला फारसी कागद मोहरेवर चाले. मोहरेत अधिकाऱ्याचा किताब आणि हिजरी साल कोरलेले असे. नवख्या संग्राहकाची येथे हमखास फसगत होते, कारण मोहरेतले साल ती कोरल्याचे असते, कागद लिहिल्याचे नसते. एकच मोहर वीस-वीस वर्षे वापरात राही. कंपनीचे इंग्रज अधिकारी मात्र नाव, हुद्दा, तळाचे गाव आणि तारीख लिहून सही करीत; शिवाय देशी लोकांशी पत्रव्यवहार करताना त्यांपैकी अनेक जण फारसीत कोरलेली स्वतःची मोहरही वापरीत. त्यांच्या एका पत्राच्या तीन-चार नकला निघत. एक हैदराबादच्या रेसिडेंटाकडे (निजामाच्या दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीकडे), एक पुण्याला, एक कलकत्त्याला आणि तिथून एक लंडनला. नकलेखाली कारकून ‘साइन्ड’ असा शब्द घालून अधिकाऱ्याचे नाव स्वतःच्या अक्षरात लिही. म्हणून कागदावर एखाद्या सेनानीचे नाव आहे एवढ्यावरून तो असल ठरत नाही. हाताची नक्कल इतिहासाला तितकीच उपयोगी असते, पण सह्या जमवणाऱ्याच्या बाजारात असल आणि नक्कल यांच्या किमतीत फार मोठे अंतर पडते.

1803 च्या युद्धाने मराठवाड्याचे नाव लष्करी कागदांत ठळकपणे आणले. 31 डिसेंबर 1802 रोजी बाजीरावाने वसईचा तह केला आणि पुढच्या वर्षी शिंदे-भोसल्यांशी कंपनीचे युद्ध जुंपले. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले अजिंठ्याचा घाट चढून जालन्याच्या बाजूला आले. आर्थर वेलस्लीने अहमदनगर घेतले आणि तो गोदावरीच्या खोऱ्यात उतरला. 23 सप्टेंबर 1803 ला भोकरदनजवळ असईची लढाई झाली, 29 नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावची आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला. या काळातली वेलस्लीची पत्रे वाचताना लढाईपेक्षा बैल, तांदूळ आणि नदीचे उतार यांचाच मजकूर जास्त सापडतो. लमाणांचे तांडे धान्य आणतील की नाही यावर त्याची मोहीम अवलंबून होती. त्यातच दख्खनमध्ये 1803-04 चा भयंकर दुष्काळ पडला होता. परभणीच्या वाचकाने ही पत्रे वाचावीत ती यासाठी. गोदेच्या काठचा मुलूख त्या वर्षी कसा उपाशी होता आणि फौजेने त्याच्यावर किती भार टाकला याचा पुरावा सेनापतीच्याच सहीनिशी त्यांत आहे.

त्या युद्धाचा शेवट झाला तो दोन सह्यांच्या कागदांनी. 17 डिसेंबर 1803 ला देवगावचा तह भोसल्यांच्या वतीने यशवंतराव रामचंद्र यांनी केला आणि 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह शिंद्यांच्या वतीने विठ्ठलपंत आणि मुनशी कमलनयन यांनी. दोन्ही ठिकाणी समोर वेलस्ली होता. लढाया सरदारांच्या नावाने प्रसिद्ध झाल्या, तहाचे कागद मात्र मुत्सद्द्यांच्या आणि मुनश्यांच्या हातचे आहेत, आणि मराठी इतिहासलेखनात या माणसांना त्यांच्या योग्यतेचे स्थान अजून मिळालेले नाही.

वेलस्लीच्या कागदांचे भाग्य मात्र असामान्य होते. तो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लू जिंकला, इंग्लंडचा पंतप्रधान झाला, आणि त्यामुळे त्याची हिंदुस्थानातली पत्रेही राष्ट्राचा ठेवा मानली गेली. लेफ्टनंट कर्नल गुरवूड याने 1834 पासून ती खंडाखंडाने छापली. ड्यूकच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने पुरवणी खंड काढले, त्यांत हिंदुस्थानातला भाग बराच आहे. मूळ कागद 1983 पासून साउथॅम्प्टन विद्यापीठात आहेत. असईच्या रानात, मराठवाड्याच्या मातीत लिहिलेली पत्रे आज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नीट जपलेली आहेत. शिंद्यांच्या तळावरून त्याच आठवड्यांत सुटलेल्या मोडी पत्रांना असा एक संपादक, एक घर आणि एक यादी लाभली नाही.

परभणीशी सर्वांत जवळचा संबंध असलेले लष्करी दप्तर हैदराबाद कंटिंजंटचे. हेन्री रसेल हा 1811 ते 1820 या काळात हैदराबादचा रेसिडेंट होता. त्याने निजामाच्या पैशाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्या रसेल ब्रिगेड म्हणून ओळखल्या गेल्या; पुढे त्यांतूनच कंटिंजंट घडली. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरच्या लढाईत त्या होळकरांच्या फौजेविरुद्ध लढल्या. या पलटणींचा पगार निजामाच्या खजिन्यातून, हुकूम रेसिडेन्सीतून आणि कर्ज पामर कंपनीच्या सावकारी पेढीतून, असा तो विचित्र कारभार होता. दिवाणी कारभार राजा चंदुलाल यांच्या हाती होता. वसुलाचा सगळा बोजा शेवटी कुणब्यावर पडे. म्हणून कंटिंजंटचे कागद नुसते लष्करी राहत नाहीत, ते महसुलाचे आणि कर्जाचेही कागद होतात.

1819 च्या आरंभी या पलटणी मेजर पिटमनच्या हाताखाली नव्ह्याच्या गढीवर गेल्या. नव्हा (इंग्रजी कागदांत ‘नोवाह’) हे आज नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यात आहे. तेथील नौसाजी नाईक हे हटकरांचे पुढारी. पैनगंगेच्या डोंगराळ पट्ट्यात त्यांचा दरारा होता आणि निजामाच्या अंमलदारांना ते जुमानीत नव्हते. 8 जानेवारी 1819 ला वेढा पडला. गढीतली शिबंदी, तीत अरबही होते, तीन आठवड्यांहून अधिक काळ झुंजली. 31 जानेवारीला तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला करून गढी घेतली गेली आणि आतली बहुतेक माणसे मारली गेली. वेढ्याचा वृत्तांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या सहीने हैदराबादला गेला आणि त्यावरूनच पुढचे सगळे लेखन झाले. त्यात नौसाजी बंडखोर आहेत. हटकरांच्या बाजूने लिहिलेला कागद या वृत्तांतात कुठेच नाही, आणि गढीतल्या माणसांची नावेही त्यातून कळत नाहीत. युद्धकागद जमवण्याचे काम किती एकांगी होऊ शकते याचे नव्ह्याइतके स्पष्ट उदाहरण या भागात दुसरे नाही.

कंपनीने या लढाईला आपल्या मोठ्या युद्धांत धरले नाही. 1851 मध्ये 1803 ते 1826 या काळातल्या लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक निघाले. त्याच्या 21 पट्ट्यांत असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव ही नावे आहेत, नव्ह्याचे नाही. पण कंटिंजंटच्या पलटणींनी ‘नोवाह’ हा रणसन्मान आपल्या निशाणावर मिरवला. कंटिंजंटची हिंगोलीची छावणी 1903 पर्यंत टिकली. त्या वर्षी कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानी सैन्यात मिळवण्यात आल्या. दोनच वर्षांनी, 1905 मध्ये, मेजर बर्टन याने पलटणींच्या दप्तरांवरून कंटिंजंटचा इतिहास कलकत्त्याला छापला आणि नव्ह्याची हकिगत त्यात आली. पायदळाच्या त्या पलटणी 1922 मध्ये एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेल्या आणि 1945 मध्ये त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. त्यामुळे हिंगोलीच्या छावणीचा लष्करी वारसा आज हिमालयाच्या कुशीत राणीखेतला नांदतो. घोडदळाचा वारसा डेक्कन हॉर्सकडे आला. रसेलचा स्वतःचा पत्रव्यवहार ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, त्याच काळातला पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत.

1857 च्या उठावानंतरच्या दोन वर्षांत कागदाचा अर्थच बदलला. तोवर कागद हा कारभाराचा भाग होता, आता तो जवळ सापडला तर फासाचा पुरावा ठरू लागला. नारखेडचे पटवारी रंगराव पागे 1858 मध्ये उत्तरेत जाऊन नानासाहेब पेशव्यांना भेटले आणि त्यांच्याकडून दख्खनच्या लोकांसाठी पत्रे आणि जाहीरनामा घेऊन परतले. मराठवाडा आणि तेलंगणाच्या सीमेवर त्यांनी माणसे जमवायला सुरुवात केली. कौलासचे राजा दीपसिंह त्यात सामील होते. 1859 मध्ये कट फुटला. रंगरावांना झालेली फाशी पुढे जन्मठेपेत बदलली आणि 1860 मध्ये ते अंदमानात वारले. एका गावच्या पटवाऱ्याने पेशव्यांचे कागद अंगावर वागवून शेकडो कोस चालत यावे, ही गोष्ट मराठवाड्याच्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवी. कट फुटला त्याच वर्षी, 10 एप्रिल 1859 ला, येवल्याच्या तात्या टोपे यांची जबानी मुशैरीच्या छावणीत घेतली गेली आणि 18 तारखेला त्यांना फाशी झाली. ती जबानी मालेसनने लिहिलेल्या उठावाच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडाला परिशिष्ट म्हणून जोडलेली आहे. मराठी सेनानीच्या तोंडून आलेला त्या युद्धाचा इतका सलग वृत्तांत दुसरा नाही, मात्र तो शत्रूच्या कैदेत दिलेला आहे हे वाचताना विसरून चालत नाही.

युरोप-अमेरिकेत याच काळात सह्या जमवण्याचा छंद वाढला होता. त्याची एक रीत फार घातक होती. पत्र वाचून टाकायचे, खालची सही कात्रीने कापून घ्यायची आणि आल्बममध्ये चिकटवायची. मजकूर गेला, तारीख गेली, उरली ती नावाची चिंधी. अमेरिकेत 1861 ते 1865 च्या यादवी युद्धानंतर सेनापतींच्या सह्यांना गिऱ्हाईक आले. तेथे युद्ध चालू असताना केलेली सही आणि त्यानंतर म्हातारपणी चाहत्याला लिहून दिलेली सही यांत संग्राहक काटेकोर भेद करतात. पहिलीला कितीतरी जास्त किंमत येते, कारण ती करताना त्या माणसाला उद्या आपण जिवंत असू की नाही हे ठाऊक नव्हते. पैसा आला तशी बनावटही आली. फिलाडेल्फियाचा रॉबर्ट स्प्रिंग हा जुना कागद मिळवून वॉशिंग्टनची पत्रे लिही आणि दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याच्या नावानेही पत्रे तयार करी. 1876 मध्ये तो मेला, पण त्याची पत्रे आजही बाजारात फिरतात.

महाराष्ट्रात कागद जमवण्याची प्रेरणा अगदी वेगळी होती. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याचे दप्तर एल्फिन्स्टनच्या ताब्यात आले. सरकारला ते हवे होते ते इनामे आणि वतने तपासण्यासाठी. मुंबई इलाख्यात इनाम कमिशनची तपासणी सुरू झाली तेव्हा घराघरांतून सनदा बाहेर आल्या, आणि खऱ्यांबरोबर खोट्याही. दप्तर मात्र अभ्यासकांना कित्येक दशके बंदच राहिले. म्हणून मराठी संशोधक सरकारी दारे सोडून सरदारांच्या आणि कारकुनांच्या घरांकडे वळले. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या घरची पत्रे छापायला घेतली. त्यांत 1795 च्या खर्ड्याच्या मोहिमेची पत्रे आहेत, आणि खर्डा हा निजामाशी झालेला शेवटचा मोठा संग्राम असल्याने मराठवाड्याच्या अभ्यासकाला ती टाळून पुढे जाता येत नाही. 1898 मध्ये वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे एकूण 22 खंड झाले. गावोगाव पायी हिंडून, माळ्यावरचे रुमाल उतरवून, उंदीर-वाळवीने खाल्लेले कागद उकलून त्यांनी ते जमवले. द. ब. पारसनीस यांनी 1908 पासून ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवले. त्यांचा साताऱ्याचा संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. 7 जुलै 1910 ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्याला वारले आणि पुढच्या वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

या माणसांनी सह्या जमवल्या नाहीत, मजकूर जमवला. कोणत्या सरदाराचा शिक्का आहे यापेक्षा फौज कोठे होती, पैका कोणी दिला, कोणाचे बोलणे कोणाशी चालले होते, हे त्यांना हवे होते. जगातल्या संग्राहकांच्या तुलनेत मराठी संशोधकांची ही दृष्टी कितीतरी प्रगल्भ होती असे म्हटले पाहिजे. पुढे 1930 ते 1934 या काळात गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 भाग सिद्ध केले. ते दप्तर सुमारे 35 हजार रुमालांचे. सर जदुनाथ सरकार आणि सरदेसाई यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहारही छापला गेला. त्याच्या दहाव्या खंडात वसईचा तह आणि 1802 ते 1804 चे युद्ध आहे. इंग्रज अधिकाऱ्याची बाजू आणि मराठी दप्तराची बाजू शेजारी ठेवून वाचता येऊ लागली ती तेव्हापासून.

परभणी या चळवळीच्या कडेला राहिली. मुलूख निजामाचा होता. तेथील सरकारी दप्तर हैदराबादला जाई. ते आधी फारसीत होते आणि 1880 च्या दशकानंतर उर्दूत झाले. पुण्या-साताऱ्याच्या संशोधकांना मोडी घरची होती, शिकस्त (घसरट अक्षरातली) फारसी नव्हती. शिवाय त्यांचा जीव अठराव्या शतकात गुंतला होता. 1818 नंतरचे कागद त्यांना बहुधा परक्या राज्याचे वाटत. आणि ज्या घरांत कागद होते त्या घरांना ते दाखवण्याची भीती वाटे. सनद हा वतनाचा आधार. ती परक्या माणसाच्या हाती कशी द्यायची? निजामशाहीत अतियातीच्या (इनाम-वतनांच्या) चौकशीत सनदा दाखल कराव्या लागत आणि निकालाचा मुंतखब मिळे. मूळ कागद त्यामुळे न्यायालयीन फायलींत गेले आणि घरी नकला राहिल्या.

तरीही पाथरी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, वसमत, कळमनुरी या बाजूच्या जुन्या वतनदार घरांत जे राहिले त्याची जात निराळी आहे. हे कागद सेनापतीचे नसतात. कोणत्या तुकडीला किती वैरण, किती कडबा, किती लाकूड दिले याची पावती. तळ पडल्याने उभे पीक गेले म्हणून केलेली अर्जी. पळालेल्या रयतेला परत बोलावण्यासाठी दिलेला कौल. वेठीला धरलेल्या माणसांची यादी. एखाद्या हवालदाराची मोडकी मोडी सही, एखाद्या लष्करी दरोग्याची मोहर, नाइकाची कट्यार-निशाणी यांचे बाजारात मोल शून्य आहे. पण गावाने युद्ध कसे सोसले हे सांगणारे साक्षीदार तेच आहेत. वेलस्लीच्या हजार पत्रांत जे मिळणार नाही ते अशा एका पावतीत मिळते.

असा कागद ओळखण्याच्या काही खुणा आहेत. जुना देशी कागद हातकागद. दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्याचा कागद या भागात प्रसिद्ध होता. तो घोटून गुळगुळीत केलेला असतो आणि उजेडात धरला तर साच्याच्या रेषा दिसतात. इंग्रज अधिकारी विलायती कागद वापरीत, आणि 1794 नंतर इंग्लंडातून निर्यात होणाऱ्या कागदाच्या पाणचिन्हात बहुधा साल असे. म्हणून 1803 ची तारीख असलेल्या पत्राच्या पाणचिन्हात 1807 निघाले तर निकाल तिथेच लागतो. बोरूची काजळाची शाई शतकानुशतके काळी राहते, पण पाण्याने धुऊन जाते. इंग्रजांची हिराकसाची शाई तपकिरी पडते आणि कागदाला आतून खाते. तारखांचे तिढे वेगळेच. मराठी कागदावर बहुधा सुहूर सन अरबी शब्दांत असतो : ‘अर्बा मयातैन व अलफ’ म्हणजे 1204, अर्थात इसवी 1803-04. निजामी महसुली कागदावर फसली साल असते. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो. नव्ह्याचा वेढा फसली 1228 मधला.

विसाव्या शतकाच्या मध्याला हे कागद अचानक निरुपयोगी झाले. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, 1949 मध्ये जहागिरी गेल्या, मागोमाग वतनेही गेली. ज्या सनदेवर घराचे पोट चालत होते ती आता नुसता जुना कागद झाली. मोडी वाचणारी पिढी संपत आली. रुमाल रद्दीत गेले, चुलीत गेले, वाळवीने खाल्ले. टपाली तिकिटे आणि मुद्रांक जमवणाऱ्यांनी पाकिटे आणि स्टँपपेपर उचलले आणि मजकूर टाकून दिला, म्हणजे युरोपातल्या कात्रीचीच ही देशी आवृत्ती झाली. याच काळात एक मोलाचे काम मात्र झाले. हैदराबाद राज्याच्या समितीने स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास मूळ कागदांवरून लिहायला घेतला आणि 1956 पासून त्याचे चार खंड इंग्रजीत निघाले. पहिला 1800 ते 1857 चा, दुसरा 1857 ते 1885 चा. रंगराव पागे यांच्यावरच्या खटल्याचे कागद अभ्यासकांपुढे आले ते या कामामुळे. 1956 मध्येच, 1 नोव्हेंबरला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. हैदराबादचे मोठे दप्तर तिकडेच राहिले. आज ते तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहे, आणि परभणीच्या एकोणिसाव्या शतकाचा अभ्यास करणाऱ्याला फारसी-उर्दू शिकून तिथे जावेच लागते.

कायद्याने या कागदांना संरक्षण आहे. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार 75 वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज पुरावस्तू ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात केंद्र सरकारच्या दप्तरांपुरते सांगितले आहे की 1892 पूर्वीचा अभिलेख, तो वापरण्यापलीकडे खराब झाला नसेल तर, नष्ट करता येणार नाही. घरातल्या रुमालाला मात्र घरच्यांच्या समजुतीवाचून दुसरे संरक्षण नाही. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते विकण्याची किंवा दान करण्याची घाई करण्याचे कारण नाही. रुमाल ज्या क्रमाने बांधलेला आहे त्याच क्रमाने ठेवावा. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि टाचण्या यांपासून कागद दूर ठेवावा. प्रत्येक बंदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, कारण पैवस्तीची तारीख अनेकदा पाठीवर असते. छत्रपती संभाजीनगरचे पुराभिलेख कार्यालय किंवा नांदेड विद्यापीठातला इतिहास विभाग यांना त्याची यादी दाखवावी. शिक्का सुंदर आहे किंवा इंग्रजाची सही आहे म्हणून एखादे पान रुमालातून वेगळे काढू नये.